विसाव्याचा दगड

मी लग्न होऊन या गावात आले त्याच वर्षी पुरात पुलाची अलीकडची कमान खचली, आणि नळावरच्या बायका मला पांढऱ्या पायाची म्हणायला लागल्या. माझ्या सासऱ्यांच्या कानावर ते गेलं. ते हातातली छिन्नी तशीच घेऊन नळावर गेले आणि म्हणाले, "कमान खचली ती खांबाखालची माती वाहून गेली म्हणून. माझ्या सुनेच्या पायाचं माप घ्यायचं असेल तर घरी या." त्यानंतर कुणी काही बोललं नाही. निदान आमच्या ऐकण्यात तरी नाही.

सासऱ्यांना मी मामा म्हणायचे. गाव त्यांना ओळंबा म्हणायचं. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. मामांच्या खिशात तो असायचाच, पण नाव पडलं ते स्वभावावरून. वाकडं म्हणून त्यांना काही खपायचं नाही. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी दाराची चौकट बघायचे, आणि ती कललेली असली तर तसं सांगूनच पाटावर बसायचे. खोटं बोलणं तर त्यांना जमतच नसे. नवीन लुगडं नेसून "बरं दिसतंय का?" असं त्यांना विचारायची चूक मी एकदाच केली.

घरात आम्ही चौघं. मामा, सासूबाई म्हणजे आत्या, माझा नवरा आणि मी. घर नदीच्या अलीकडे, दगडाची खाण पलीकडे आणि मध्ये पूल. मामांच्या आजोबांनी त्या पुलाचे दगड घडवले होते, वडिलांनी पुढे त्याचे सांधे भरले. मामा दर उन्हाळ्यात कमरेला दोर बांधून कमानींखाली लोंबकळायचे, फटीत रुजलेली झाडं उपटायचे, चुना भरायचे. त्यांना पूल खालून तोंडपाठ होता. "पूल पोटाकडून बघावा," ते म्हणायचे, "पाठीकडून काय, सगळेच बरे दिसतात."

आत्या मात्र पूल पाठीकडूनच ओळखायच्या. रोज दुपारी मामांचा डबा घेऊन त्या पुलावरून खाणीत जायच्या. चाळीस वर्षं गेल्या. मी आले तोवर त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला होता, समोरचा माणूस त्यांना फक्त सावलीसारखा दिसायचा. तरी डबा त्यांनी कुणाला नेऊ दिला नाही. डोक्यावर डबा आणि पाण्याची कळशी, उजवा हात कठड्यावर, आणि हाताखालून एकेक दगड मागे टाकत चालायचं. "डोळे गेले म्हणून काय झालं," त्या म्हणायच्या, "कठडा कुठं गेलाय?"

त्या कठड्यात एक दगड वेगळा होता. बाकीचे कमरेला लागायचे, हा गुडघ्याच्या जरासा वर. रुंद आणि बसून बसून गुळगुळीत झालेला. त्याला सगळे विसावा म्हणायचे. बाजाराला जाणारे, कचेरीत खेटे घालणारे, लाकडं वाहणाऱ्या बायका, सगळे तिथे टेकायचे. आमच्या काठाकडून तो सातवा. पूल मधोमध उंच असल्यामुळे सातव्या दगडापर्यंत चांगलाच चढ होता.

यावरून दोघांचं एक जुनं भांडण होतं. जेवताना ते हमखास निघायचं.

"विसावा जरा अलीकडे असता तर किती बरं झालं असतं," आत्या म्हणायच्या. "दोनच दगड. सातवा आहे तो पाचवा. तिथवर पोचेपर्यंत जीव तोंडाला येतो. तुमच्याकडे पहार आहे, हात आहेत. काय जातं तुमचं?"

"पूल म्हणजे काय तुझी चूल आहे," मामा म्हणायचे, "आज इथे, उद्या तिथे मांडायला?"

हे मी पहिल्या महिन्यातच पाच-सहा वेळा ऐकलं. त्याआधीच्या वर्षांचा हिशोब देवाला माहीत.

पूर ओसरल्यावर कचेरीत नवे साहेब आले. त्यांनी पूल बघितला आणि ठरवून टाकलं की सगळा पाडायचा आणि सिमेंटचा सपाट पूल टाकायचा. मामांनी धुतलेला सदरा घातला आणि कचेरीत गेले. त्यांना एकट्याला जाऊ देऊ नको असं आत्यांनी सांगितलं म्हणून मीही मागोमाग गेले. शिपायाने आम्हाला पायरीवर बसवलं. त्या पायऱ्याही मामांच्या आजोबांनीच बसवलेल्या होत्या. आम्ही सकाळपासून तिथे बसलो आणि येणारा-जाणारा आमचे गुडघे ओलांडून गेला. जेवायची वेळ टळल्यावर आत बोलावलं. साहेब कागदावरून मान वर न करता म्हणाले, "बोला, मिस्त्री."

"एकच कमान गेलीय साहेब. चार शाबूत आहेत. मी ती उतरवतो आणि दगडाला दगड लावून पुन्हा चढवतो. होता तसा पूल करून देतो."

साहेबांच्या मागे भिंतीवर पुलाचा एक जुना फोटो होता, नदीच्या पात्रातून काढलेला. पाच कमानी, वर कठडा आणि कठड्यात विसाव्याची ती खाच. साहेबांनी पेन्सिल फोटोकडे केली. "या फोटोत आहे तसा?"

"तसाच."

"पुढच्या पुराच्या आधी?"

"आधी."

"मी स्वतः मोजून बघेन. एक दगड जरी इकडचा तिकडे दिसला तरी तुमच्या कामावर भरवसा ठेवणार नाही. मग सगळा पूल पाडायचा. कबूल?"

मामा हो म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. माझी रेघ मात्र गेरूची निघाली, आणि गोष्ट तिथूनच सुरू होते.

दगड उतरवायच्या आधी प्रत्येकावर नंबर घालायचा होता. मामांना अक्षरओळख नव्हती. माझ्या नवऱ्याला लिहिता यायचं, पण त्याचं त्यालाच पुन्हा वाचता यायचं नाही. मामांनी गेरूचा डबा माझ्या हातात दिला. "सूनबाई, सांध्यात जाते त्या बाजूवर आकडा घाल, म्हणजे पूल झाल्यावर दिसणार नाही. आणि गेरू अळशीच्या तेलात कालव. पाण्यात नको."

सुरुवात वरून करायची होती, म्हणजे कठड्यापासून. या कमानीवरचा नदीच्या वरच्या अंगाचा कठडा पुरात वाहून गेला होता, खालच्या अंगाचे अकरा दगड तेवढे राहिले होते. पहाटे आम्ही पुलावर पोचलो आणि माझ्या लक्षात आलं की तेलाची बाटली घरीच राहिली. नवरा पहार लावून उभा, मामा दोर आवळतायत, चार मजूर माझ्या तोंडाकडे बघतायत. शेतकऱ्याघरची पोर दगडाच्या कामाला काय येणार, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते मात्र मला वाचता येत होतं. बाटली आणायला परत चढण चढून जायची मला लाज वाटली. मी खाली नदीवर गेले, डब्यात ओंजळभर पाणी घातलं, गेरू कालवला आणि एक ते अकरा आकडे सुरेख वळणदार काढले. मामांनी लांबूनच मान हलवली. मी त्या दिवशी फार खुशीत होते. दुसऱ्या दिवसापासून तेल नेलं, आणि पहिल्या दिवसाचं पार विसरून गेले.

कठड्याचे दगड सगळ्यात शेवटी लागणार होते, म्हणून ते लांब, पाण्याच्या कडेला ओळीत मांडून ठेवले, आकड्यांची बाजू वर करून.

मग चार महिने आमच्या घराने दुसरं काही बघितलं नाही. थंडीत कमान उतरवली. एकेक दगड दोराने खाली यायचा आणि दोर धरणाऱ्यांच्या तळहातांची साल निघायची. खांबाखाली नवा पाया घातला. लाकडाचा कमानदार सांगाडा उभा केला. मी आणि नवरा चुना मळायचो. चुन्याने बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, त्यात मीठ लागलं की जेवताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि नवरा म्हणायचा, "भाजी तिखट झालीय का?" रात्री हात तेलात बुडवून आम्ही एकमेकांसमोर बसायचो. मामा साठीचे, पण परांचीवर सगळ्यांत वर तेच. आत्या दुपारी काठावर येऊन बसायच्या आणि हातोड्याच्या आवाजावरून कुणाचा हात थकलाय ते सांगायच्या.

आज आठवलं तर वाटतं, आमच्या संसाराचे सगळ्यात चांगले दिवस तेच. तेव्हा मात्र पाठ एवढी दुखायची की चांगलं-वाईट काही कळत नव्हतं.

उन्हाळा चढला आणि शेवटी मधला, चावीचा दगड बसला. चुना आवळू दिल्यावर सांगाडा काढायचा दिवस आला. पाचर सोडताना मामांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि स्वतः कमानीखाली उभे राहिले. पडलीच तर आपल्यावर पडावी, असा त्यांचा न्याय. लाकूड कुरकुरलं, कमान बोटभर खाली बसली आणि थांबली. मामांनी ओळंबा काढून खांबाला लावला, बराच वेळ बघितला आणि खिशात ठेवला. "आहे," ते म्हणाले. आमचा जीव भांड्यात पडला.

आता फक्त कठडा उरला होता. साहेब आठ दिवसांनी येणार होते. मी वही घेऊन पाण्याच्या कडेला गेले. अकराही दगड घासलेल्या ताटांसारखे लख्ख होते.

झालं होतं असं की गावाची धुणं धुवायची जागा त्याच कमानीखाली होती. तिथे सांगाडा उभा राहिला तेव्हा बायका खाली सरकल्या. पाण्याच्या कडेला, कमरेच्या उंचीला, ओळीने अकरा सपाट दगड! चार महिने सगळ्या गावाने त्यांच्यावर कपडे आपटले. आणि कुणाला नावं ठेवू? आमचे चुन्याने माखलेले कपडे मी स्वतः तिथेच आपटत होते, नवऱ्याच्या सदऱ्यातला चुना निघत नाही म्हणून राख घेऊन घासतसुद्धा होते. माझे आकडे मीच पुसले होते. वहीत काय होतं? 'कठडा, अकरा दगड.' बस्स.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. आधी नवऱ्याला सांगितलं. तो दगडांकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मी सांगतो, माझ्याकडून झालं. मला शिव्यांची सवय आहे."

"नको," मी म्हटलं. "बाटली मी विसरले."

मी मामांना सगळं सांगितलं, पाण्यातल्या गेरूसकट. वाटलं होतं आता आकाशपाताळ एक करतील. ते एका दगडावर हात ठेवून उभे राहिले, मग दुसऱ्यावर. असे अकराही फिरले. शेवटी खाली बसले. त्या दिवसापर्यंत मी त्यांना कामाच्या जागी बसलेलं बघितलं नव्हतं.

"कमानीचा दगड अंधारात हाताला लागला तरी कुठला ते सांगेन," ते हळूच म्हणाले. "कठडा... कठडा मी कधी बघितलाच नाही ग. रोज धरून चढलो, पण बघितला नाही."

"विसावा तर सातवा, ते सगळ्यांना माहीत आहे," नवरा म्हणाला. "बाकीचे कसेही लावू. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय," मामा म्हणाले. "दगडाला दगड म्हणालोय मी."

तेवढ्यात मागून आत्यांचा आवाज आला. त्या नेहमीसारख्या काठावर बसल्या होत्या आणि सगळं ऐकत होत्या. "मला तिकडे न्या," त्या म्हणाल्या. "आणि दगड सुलटे करा. हात फिरायचा ती बाजू वर."

नवऱ्याने पहारीने एकेक दगड सुलटा केला. मी आत्यांना धरून आणलं. त्या गुडघ्यांवर बसल्या, पदर खोचला आणि पहिल्याच दगडावरून तळहात फिरवला, जसा त्या माझ्या नवऱ्याच्या पाठीवरून फिरवायच्या.

"हा पहिला नाही. हा दहावा. इथं काठाची झाडी संपते आणि वारा लागतो. आठवतंय का हो, तुमचं जेवण वाऱ्याने उडालं म्हणून मी रिकामा डबा घेऊन आले होते आणि तुम्ही विश्वास ठेवला नव्हता? तो हा."

"अजूनही नाही," मामा म्हणाले.

"पुढचा आणा. हा... हा पहिला. ह्याचा कोपरा गाडीच्या चाकाने खाल्लाय. हा तिसरा, ह्यावर रिकामटेकड्यांनी खेळायला घरं कोरलीत बघा. हा सहावा. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझी बांगडी ह्याच्यावर फुटली, तुकडा सांध्यात गेला. बघ ग पोरी, आहे का."

मी वाकून बघितलं. कडेच्या चुन्यात हिरवी काच कणभर चमकत होती.

एका दगडाशी त्या थांबल्या आणि हसल्या. त्याला वाटीएवढा खळगा होता. "हा दुसरा. ह्यात पाणी साठायचं. आमचं रत्न भर पुलावर रडायला लागलं की मी त्याचा हात ह्यात बुडवायचे, मग गप्प." आमचं रत्न पहार घेऊन शेजारीच उभं होतं, दाढी वाढलेलं. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि कुणी बघत नाहीसं पाहून बोट खळग्यात घालून बघितलं. मी बघितलं. मला त्या क्षणी तो फार आवडला.

मी गेरू घेऊन मागे मागे आकडे घालत होते. तेलात. दगड लावत लावत दहा झाले. आत्यांनी विसाव्यावर हात ठेवला. इथे हात फिरवायची गरज नव्हती, तो तर कुणीही ओळखला असता.

"आणि हा," आत्या म्हणाल्या, "पाचवा."

नवरा म्हणाला, "आई, अगं सात..."

"पाचवा," आत्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा नदीकडे होता. "मला चुकायचं काय कारण आहे? डोळे गेलेत, हात नाही गेला. ज्यांना मी पाचवा-सहावा म्हटलं ते एकेक पुढे सरकवा."

बांगडीचा तुकडा ज्यात होता तो सहावा आता सातवा होणार होता. माझ्या हातातला कुंचला तसाच राहिला. मी मामांकडे बघितलं. त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती. 'एक दगड जरी इकडचा तिकडे.' समोर वाकडं होत होतं आणि ते वाकडं त्यांना दिसत होतं. त्यांनी आत्यांच्या पायांकडे बघितलं. टाचांना भेगा, घोट्याला सूज, आणि नखात त्या पुलावरची चाळीस वर्षांची धूळ.

"पाचवा म्हणतेय ना ती," मामा म्हणाले. "घाल आकडा."

आठव्या दिवशी साहेब आले. फोटो भिंतीवरून काढून बरोबर आणला होता. त्यांनी पात्रात उतरून कमान बघितली, खांब ठोकून बघितला आणि पहिल्यांदाच मामांच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काम चांगलं केलंत, मिस्त्री." मग फोटो वर धरला. पेन्सिलीने फोटोतले दगड मोजले, पुलावरचे मोजले. पुन्हा मोजले. गाव दोन्ही काठांवर उभं होतं.

"मिस्त्री, ही खाच फोटोत सातवी दिसतेय. इथे पाचवी आहे."

मामांच्या कपाळावर घाम आला. खिशातल्या ओळंब्यावर त्यांची मूठ आवळलेली मला दिसत होती. मला वाटलं, संपलं. हे आता खरं बोलणार, आणि पूल जाणार.

"फोटो," मामा म्हणाले, "फोटो तिरका काढलाय साहेब."

"तिरका?"

"तिरका. बाजूने काढला की दगड जास्त दिसतात."

इतकं वाईट खोटं मी आजवर ऐकलेलं नाही. साहेबांनी फोटो तिरका करून बघितला, सरळ करून बघितला. तेवढ्यात काठावरून एक आवाज आला. नळावर मला पांढऱ्या पायाची म्हणणाऱ्यांत जी सगळ्यांत पुढे होती, तीच कमरेवर हात ठेवून उभी होती. "पाचवाच होता साहेब. रोज ओझं घेऊन आम्ही बसतो, आम्हाला माहीत नाही?" दुसरी म्हणाली, "पाचवाच की." मग दोन्ही काठांवरच्या बायका बोलायला लागल्या, आणि बायका बोलायला लागल्यावर पुरुष गप्प बसले. साहेबांनी फोटो काखेत घातला. "ठीक आहे," ते म्हणाले. त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पूल राहिला एवढं खरं.

त्या दुपारी मामा जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "आयुष्यात एक खोटं बोललो," ते म्हणाले, "तेही दगडाबद्दल."

"त्यात खोटं काय?" आत्या म्हणाल्या. "तुम्हाला सगळंच तिरकं दिसतं. उठा, जेवा."

ते उठले आणि जेवले.

याला आता खूप वर्षं झाली. खाण बंद पडली. वरच्या अंगाला मोटारींसाठी नवा पूल आला, आणि आपल्या पुलावर आता फक्त पायी चालणारी माणसं आणि कपडे वाळत घालणारे. आत्या आधी गेल्या. त्यानंतर मामा रोज दुपारी काठी टेकत पुलावर जायचे, डबा कुणी आणणार नव्हतं तरी. त्यांची पावलं पाचव्या दगडापर्यंतच पोचायची, सातव्यापर्यंत पोचली नसती. एकदा मी त्यांना घरी आणायला गेले तर ते विसाव्यावर बसून धाप टाकत होते. मला बघून जरा सरकले, मला जागा करून दिली. "कळत होतं तिला," एवढंच म्हणाले. मी त्यांच्या शेजारी बसले. खाली पाणी चाललं होतं.

नवराही गेला त्याला तीन वर्षं झाली. बांगडीचा तुकडा ज्यात आहे तो दगड मी येता-जाता बघते, आहे अजून. दुसऱ्या दगडाच्या खळग्यात बोट घातल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही. आणि अलीकडे मला तिसऱ्या दगडाशीच धाप लागते.

परवा मुलगा बरोबर होता. त्याने जन्मात कधी पहार धरली नाही, कचेरीत खुर्चीवर बसतो. माझा हात धरून चालवत होता. विसाव्यावर कशीबशी टेकले आणि म्हटलं, "हा दगड अजून दोन अलीकडे असता तर किती बरं झालं असतं रे."

आजोबा गेले तेव्हा तो पाळण्यात होता. हे भांडण त्याला कुणी सांगितलेलं नाही, मीही नाही.

त्याने कठड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वैतागून म्हणाला, "आई, पूल म्हणजे काय तुझी चूल आहे?"

मी एवढी हसले की माणसं थांबून बघायला लागली. मग रडलेही. तो घाबरून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. बस इथे. सरकते मी."